बर्फ, चिखल आणि वाट : रशियातील ऋतुचक्र व प्रवासाचे वेळापत्रक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

रशिया हा क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठा देश होय. सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर एवढा त्याचा विस्तार असून त्यात ११ कालविभाग सामावले आहेत. काळ्या समुद्राकाठच्या सोची येथे ताडवृक्ष हिवाळ्यातही हिरवे असतात, तर याकुतियातील ओयम्याकोन येथे १९३३ साली उणे ६७.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्याच याकुतियातील वेर्खोयान्स्क या गावी २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला आणि जागतिक हवामान संघटनेने ही नोंद २०२१ मध्ये अधिकृत मानली. अशा देशात ‘प्रवासासाठी कोणता ऋतू उत्तम’ या प्रश्नाला एकच एक उत्तर असणे शक्य नाही. हा प्रश्न आज पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आढळतो, म्हणून तो किरकोळ समजला जातो. वस्तुतः राजदूत, व्यापारी, सेनापती, शेतकरी आणि कैदी या सर्वांना गेली पाच शतके याच प्रश्नाने बांधून ठेवले होते. त्यांनी त्याची जी उत्तरे दिली, त्यांतून रशियाच्या इतिहासाचा बराचसा भाग उलगडतो.

पदवी वर्गांना युरोपचा इतिहास शिकविताना ‘रशियाच्या हिवाळ्याने नेपोलियनचा पराभव केला’ हे वाक्य आपण सर्वच जण उच्चारतो. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात तेच वाक्य हिटलरच्या नावाने पुन्हा येते. या वाक्यात काही तथ्य असले तरी हिवाळ्याकडे पाहण्याची त्यातील दृष्टी बाहेरून आलेल्यांची आहे. रशियन माणसाच्या व्यवहारात कडक हिवाळा हा बहुधा वाट अडविणारा नव्हता, तर वाट तयार करून देणारा होता. वाट खरी अडत असे ती हिवाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे. या मुद्द्याच्या आधारे काही निवडक प्रवासांचा व मोहिमांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रशियात १९१८ पर्यंत जुनी, म्हणजे ज्युलियन, दिनदर्शिका रूढ होती. जेथे तारखा त्या दिनदर्शिकेनुसार दिल्या आहेत तेथे तसा उल्लेख केला आहे.

एका मोहिमेचे दोन हिवाळे

मे १५५३ मध्ये लंडनहून तीन जहाजे निघाली. युरोपच्या उत्तरेकडून समुद्रमार्गे चीनला पोहोचण्याची वाट शोधावी, हा त्यांचा उद्देश होता. मोहिमेचा प्रमुख सर ह्यू विलोबी हा होता आणि रिचर्ड चॅन्सेलर हा मुख्य मार्गदर्शक नाविक होता. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाजांची ताटातूट झाली. विलोबीची दोन जहाजे भरकटत सप्टेंबरमध्ये कोला द्वीपकल्पातील वार्झिना नदीच्या मुखाशी आली. हवा बिघडू लागल्याचे पाहून त्याने तेथेच हिवाळा काढण्याचे ठरविले. माणसांचा शोध घेण्यासाठी त्याने तीन दिशांना तीन तुकड्या पाठविल्या, परंतु कोणालाही वस्ती आढळली नाही. पुढील वर्षी स्थानिक मच्छीमारांना ती जहाजे सापडली, तेव्हा त्यांवरील एकही माणूस जिवंत नव्हता. जहाजावर सापडलेल्या एका मृत्युपत्रावरून जानेवारी १५५४ पर्यंत काही जण जिवंत होते, असे दिसते. थंडी व उपासमार हेच मृत्यूचे कारण असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. बंद जहाजात कोळसा जाळल्याने विषारी वायू साठून ते गुदमरले असावेत, अशी शक्यता अलीकडे काही अभ्यासकांनी मांडली आहे.

चॅन्सेलरचे जहाज मात्र ऑगस्टमध्ये उत्तर द्वीना नदीच्या मुखाशी सुखरूप पोहोचले. तेथील लोकांकडून हा मॉस्कोच्या झारचा मुलूख असल्याचे त्याला कळले. नोव्हेंबरअखेर तो स्लेजमधून, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोडागाडीतून, मॉस्कोकडे निघाला आणि हजार किलोमीटरहून अधिक अंतर ऐन हिवाळ्यात कापून चौथ्या इव्हानच्या दरबारात हजर झाला. यारोस्लाव्ल ते मॉस्को या रस्त्यावर एका सकाळी धान्य व मासळी वाहणाऱ्या सातशे-आठशे स्लेज भेटतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या हिवाळ्याने विलोबीला जहाजात कोंडले, त्याच हिवाळ्यात रशियाचा अंतर्गत व्यापार भरधाव चालू होता, ही गोष्ट या नोंदीवरून ध्यानात येते. दोघांच्या नशिबात फरक पडला तो थंडीच्या कमीजास्तपणामुळे नव्हे. चॅन्सेलरला तेथील माणसे, त्यांचे घोडे आणि त्यांचे वेळापत्रक लाभले. विलोबीला यांपैकी काहीच लाभले नाही. पुढे १५५६ च्या नोव्हेंबरमध्ये हाच चॅन्सेलर रशियन राजदूताला घेऊन मायदेशी परतत असता स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बुडाला. रशियाच्या बर्फातून तो वाचला होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

चॅन्सेलरच्या प्रवासातून १५५५ साली इंग्रजांची मस्कोव्ही कंपनी उभी राहिली. या कंपनीचा प्रतिनिधी अँथनी जेन्किन्सन १५५७ साली नदीमार्गाने वोलोग्दा येथे २० सप्टेंबरला पोहोचला. मॉस्को तेथून सुमारे ४५० किलोमीटर. तरीही तो १ डिसेंबरपर्यंत वोलोग्दालाच राहिला आणि नंतर स्लेजने निघून ६ डिसेंबरला मॉस्कोत दाखल झाला. सत्तर दिवसांच्या मुक्कामानंतरचा प्रवास अवघ्या सहा दिवसांचा! आजच्या वाचकाला हा कालापव्यय वाटेल. परंतु ऑक्टोबरच्या चिखलातून निघालेली मालगाडी अनेकदा मध्येच रुतून बसे आणि नंतर निघालेली स्लेज तिला मागे टाकून पुढे जाई. जेन्किन्सन रशियन व्यापाऱ्यांप्रमाणेच वागला, एवढाच याचा अर्थ.

वर्षाची खरी विभागणी

रशियन भाषेत ‘रास्पुतित्सा’ असा एक शब्द आहे. रस्ते मोडून पडण्याचा, वाट नाहीशी होण्याचा काळ असा त्याचा आशय सांगता येईल. हा काळ वर्षातून दोनदा येतो. वसंतात महिनोन्महिने साठलेले बर्फ थोड्या आठवड्यांत वितळते. परंतु खालची जमीन अद्याप गोठलेली असल्याने पाणी मुरत नाही. मैदान सपाट असल्याने ते वाहूनही जात नाही. वरचा वीत-दोन वीत थर तेवढा लगदा होऊन राहतो. शरद ऋतूतील कारण वेगळे आहे. त्या काळात पाऊस उन्हाळ्यापेक्षा फार जास्त पडतो असे नाही, पण सूर्य मंदावल्याने पडलेले पाणी सुकत नाही. मध्य रशियात एप्रिल आणि ऑक्टोबर हे सामान्यतः असे महिने होत. उत्तरेकडे व सैबेरियात हा काळ वसंतात पुढे सरकतो आणि शरदात अलीकडे येतो.

या दोन चिखलांच्या मध्ये प्रवासाचे दोन हंगाम बसतात. पहिला स्लेजवाटेचा. नद्या गोठल्या, त्यांवर व शेतांवर बर्फ दाबून बसले की पूल, दलदल, नदीचे पात्र यांचा प्रश्नच उरत नाही. गोठलेली नदी हाच रस्ता होतो. चाकापेक्षा स्लेजच्या धावपट्टीला घर्षण कमी असल्याने त्याच घोड्याला अधिक ओझे ओढता येते. शिवाय मांस व मासळी गोठलेल्या स्थितीत शेकडो किलोमीटर नेता येते. मॉस्को व सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी बाजारांत गोठलेल्या जनावरांच्या राशी उभ्या असत, त्या याच कारणाने. दुसरा हंगाम नदीवाहतुकीचा. बर्फ फुटून वाहून गेले की होड्या, पडाव आणि पुढे आगबोटी चालू होत. नद्यांचे गोठणे व फुटणे ही राज्याच्या दृष्टीने एवढी महत्त्वाची घटना होती, की सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीच्या बर्फाच्या तारखांची नोंद १७०६ पासून सापडते. नदी मोकळी झाली की पीटर-पॉल किल्ल्यावरून तोफ डागली जाई आणि किल्लेदार नेवाच्या पाण्याचा पेला सम्राटाला नेऊन देई.

रशियातील दोन प्रमुख जत्रांची तुलना केली असता ही विभागणी नेमकी दिसते. वोल्गाकाठची मकार्येव्ह जत्रा जुलै-ऑगस्टमध्ये भरे. १८१६ मध्ये तेथील बाजार जळाल्यानंतर ती १८१७ पासून निझनी नोव्गोरोदला भरू लागली, तरी तिचा हंगाम बदलला नाही. कारण तिचा माल पाण्यावरून येई. उरल पर्वताच्या पूर्वेस इर्बित येथे सतराव्या शतकापासून भरणारी जत्रा मात्र फेब्रुवारीत असे. सैबेरियाची कातडी-केसाळ चामडी आणि चीनच्या सीमेवरील क्याख्ता येथून निघालेला चहा स्लेजवरून तेथे पोहोचे. ज्या महिन्यात परकीय प्रवासी घराबाहेर पडण्याचीही कल्पना करू शकत नसे, त्या महिन्यात सैबेरियाचा वर्षभराचा मोठा सौदा होत असे!

आणखी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. १४९७ च्या कायदेसंहितेने शेतकऱ्याला एका जमीनदाराला सोडून दुसरीकडे जाण्याची मुभा वर्षातून दोनच आठवडे ठेवली. २६ नोव्हेंबर (जुनी दिनदर्शिका) या शरदातील संत जॉर्जच्या दिवसाच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. पिके घरात येऊन हिशेब पुरा झालेला असे, हे याचे उघड कारण होय. त्याचबरोबर, कुटुंबकबिला व चीजवस्तू घेऊन निघण्याजोगी स्लेजवाट सामान्यतः याच सुमारास तयार होई, ही बाबही दुर्लक्षिता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही मुभादेखील काढून घेण्यात आली आणि शेतकरी जमिनीला कायमचा बांधला गेला. वाट गोठत राहिली. वाटेवर पाऊल टाकण्याचा हक्क तेवढा गेला.

चौलच्या बंदरात उतरलेला रशियन

या ऋतुविचाराचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे. वोल्गाकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन हा १४६० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरून निघाला. वोल्गा, कास्पियन समुद्र, इराण आणि होर्मुझ या मार्गाने तो चौल बंदरात उतरला. तेथून तो जुन्नरला आला आणि पावसाळाभर तेथेच अडकून पडला. बहमनी सरदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेऊन धर्मांतरासाठी त्याच्यावर दडपण आणले. खोरासानच्या एका मुसलमान गृहस्थाच्या मध्यस्थीने त्याची सुटका झाली. पुढे तो बीदरला गेला. परतीच्या प्रवासात स्मोलेन्स्क गाठण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. मागे राहिले ते ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे टिपण.

या टिपणात आपल्या पावसाळ्यासाठी त्याने जो शब्द वापरला आहे, त्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. तो त्याला ‘हिवाळा’ म्हणतो. ख्रिस्ती त्रैक्याच्या सणापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, येथे हिवाळा सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस सर्वत्र पाणी आणि चिखल होता आणि याच दिवसांत लोक नांगरणी-पेरणी करीत होते, असे तो सांगतो. नंतर १ ऑक्टोबर (जुनी दिनदर्शिका) या ‘पोक्रोव्ह’ नावाच्या सणापासून येथे वसंत सुरू होतो, अशी त्याची नोंद आहे. रशियन लोकपरंपरेत पोक्रोव्ह हा पहिल्या बर्फाचा, हिवाळ्याच्या चाहुलीचा दिवस. म्हणजे त्याच्या गावी ज्या दिवशी बर्फाची वाट पाहायची, त्याच सुमारास त्याला दख्खनमध्ये वसंत दिसला. शेतीभाती उघड्यावर चालू असताना तो त्या काळाला हिवाळा का म्हणतो? माणसाला एका जागी बसवून ठेवणारा तो हिवाळा आणि वाट मोकळी करणारा तो वसंत, असा अर्थ त्याच्या मनात असावा. हे अनुमान आहे. परंतु परक्या मुलखाचे ऋतू माणूस आपल्या प्रवासाच्या सोयीने मोजतो, हे त्यातून दिसते.

मराठी वाचकाला हा विचार अपरिचित नाही. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन हा मराठा फौजांचा क्रम आपण शिकवितो तेव्हा पावसाळ्याला आपण मराठ्यांचा ‘शत्रू’ म्हणत नाही. नद्या उतरेपर्यंत व वाटा वाळेपर्यंत थांबण्याची ती रीत होती. रशियातील रास्पुतित्साला आपल्याकडील पावसाळ्याची जागा द्यावी आणि तेथील हिवाळ्याला दसऱ्यानंतरच्या मोकळ्या महिन्यांची, म्हणजे तेथील वर्ष समजणे सोपे जाते.

सम्राज्ञीचा दौरा

ऋतूंनुसार आखलेल्या प्रवासाचे सर्वांत भव्य उदाहरण कॅथरिन दुसरी हिच्या १७८७ च्या दक्षिण दौऱ्याचे होय. नव्याने जिंकलेला क्रिमिया पाहण्यासाठी ती ७ जानेवारीला (जुनी दिनदर्शिका) राजधानीजवळील त्सारस्कोये सेलोहून निघाली. फ्रेंच राजदूत सेग्युर याने लिहिल्याप्रमाणे या ताफ्यात १४ मोठ्या गाड्या आणि शंभराहून अधिक स्लेज होत्या. प्रत्येक टप्प्यावर ५६० घोडे तयार ठेवलेले असत. दिवस लहान असल्याने रस्त्याच्या दुतर्फा शेकोट्या पेटविल्या जात. २९ जानेवारीला ती कीव्हला पोहोचली आणि तेथे जवळजवळ तीन महिने थांबली. कशासाठी? नीपर नदीचे बर्फ फुटून ती नौकानयनाला मोकळी व्हावी म्हणून. २२ एप्रिलला ताफा नौकांवर चढला. निम्मा प्रवास गोठलेल्या जमिनीवरून आणि निम्मा वितळलेल्या पाण्यावरून करून मधला चिखल मुक्कामात काढायचा, अशी ही आखणी होती. या दौऱ्याची आठवण ‘पोटेम्किनच्या खोट्या खेड्यां’मुळे राहिली आहे. पण त्यातील ऋतूंचा हिशेब मात्र पूर्ण खरा होता.

१८१२

आता नेपोलियनकडे वळू. २४ जून १८१२ रोजी त्याच्या सैन्याने नीमेन नदी ओलांडली. पहिल्याच आठवड्यात मुसळधार पाऊस व वादळ झाले, रस्ते चिखलात गेले आणि हिरवा चारा खाऊन थकलेले हजारो घोडे दगावले. त्यानंतर कडक उन्हाळा, धूळ, पाण्याचा तुटवडा आणि हगवण. फ्रेंच अभियंता मिनार याने १८६९ साली काढलेल्या प्रसिद्ध नकाशात नीमेन ओलांडताना ४,२२,००० आणि मॉस्कोत पोहोचताना १,००,००० असे आकडे आहेत. काही तुकड्या वाटेत वेगळ्या काढल्या होत्या हे लक्षात घेतले, तरी मुख्य सैन्याची फार मोठी हानी सप्टेंबरच्या मध्यापूर्वी, म्हणजे बर्फाचा एक कणही पडण्याआधी, झाली होती. वर्गात हा नकाशा दाखविताना विद्यार्थ्यांचे लक्ष परतीच्या काळ्या रेषेकडे व तिच्याखालच्या तापमानाकडे जाते. जाण्याच्या रुंद पट्ट्याखाली तापमानाची रेषाच नाही, ही गोष्ट नजरेतून निसटते. हिवाळ्याची दंतकथा पक्की होण्यास हा अन्यथा उत्कृष्ट असलेला नकाशाही थोडा कारणीभूत आहे, असे म्हणावेसे वाटते.

नेपोलियन १४ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर असे पाच आठवडे मॉस्कोत थांबला. झार अलेक्झांडर तहाला येईल ही आशा त्यामागे होती. तो ऑक्टोबर असाधारण सौम्य होता आणि त्या सौम्य हवेने त्याची फसगत केली. चार वर्षे रशियात राजदूत राहिलेला कोलँकूर त्याच्यासोबत होता. त्याने येणाऱ्या थंडीची जाणीव दिली होतीच. शिवाय स्वतःच्या अखत्यारीतील शाही पागेच्या घोड्यांना बर्फावर न घसरणारे, टोकदार नाल ठोकून घेतले. बाकी सैन्याचे घोडे गुळगुळीत नालांवरच राहिले. नोव्हेंबरमध्ये रस्ते गोठले तेव्हा तोफा व गाड्या ओढणारे घोडे चढणीवर घसरून पडू लागले. ज्या कठीण, गोठलेल्या रस्त्याची रशियन वाहतूकदार वर्षभर वाट पाहत असे, तो रस्ता फ्रेंच सैन्याला मिळाला खरा, पण त्यावर चालण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

बेरेझिना नदीचा प्रसंग तर अधिकच बोलका आहे. २६ ते २९ नोव्हेंबर या दिवसांत सैन्याने ती ओलांडली. आधीची थंडी टिकली असती तर नदी गोठून सरळ चालत जाता आले असते. परंतु मध्येच हवा उबदार झाली, बर्फ फुटले आणि जनरल एब्ले याच्या बांधकाम तुकड्यांना छातीइतक्या बर्फाळ पाण्यात उभे राहून पूल बांधावे लागले. हजारो लोक तेथे मेले. त्या आठवड्यात घात झाला तो उबेने. त्यानंतर ६ डिसेंबरला मिनारच्या नकाशानुसार तापमान उणे ३० रोमर, म्हणजे उणे ३७ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरले आणि उरलेल्यांची वाताहत झाली. या थंडीची भीषणता नाकारण्याचे कारण नाही. पाठलाग करणाऱ्या कुतुझोव्हच्या सैन्यालाही तिने सोडले नाही. मुद्दा एवढाच, की हिवाळ्याने जे काम पुरे केले ते उन्हाळ्याने सुरू केले होते.

ज्यांना ऋतू निवडता येत नव्हता

आतापर्यंत पाहिलेल्या बहुतेकांपाशी थांबण्याची सोय होती. सैबेरियाच्या हद्दपार कैद्यांना ती नव्हती. एकोणिसाव्या शतकात तुमेन ते तोम्स्क हा टप्पा नदीवाहतुकीच्या हंगामात तुरुंगवजा पडावांतून पार केला जाई आणि तेथून पुढे तुकड्यातुकड्यांनी पायी चाल सुरू होई. सैबेरियन महामार्गावर ठरावीक अंतरांवर मुक्कामाचे तुरुंग होते. चिखल असो वा हिमवादळ, तुकडी चालत राही. अमेरिकन पत्रकार जॉर्ज केनन याने १८८५-८६ मध्ये हा मार्ग स्वतः पाहून त्यावर १८९१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची कल्पना आली.

अंतोन चेखव्ह याला मात्र निवड होती आणि त्याने नेमका वाईट काळ निवडला. साखालिन बेटावरील कैद्यांची स्थिती पाहण्यासाठी तो २१ एप्रिल १८९० रोजी (जुनी दिनदर्शिका) मॉस्कोहून निघाला. आगबोट आणि रेल्वेने तुमेनपर्यंत आला. पुढे घोडागाडी. मे महिन्यात सैबेरियाच्या नद्या पुराने फुगलेल्या होत्या. या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात; उगमाकडचे बर्फ आधी फुटते आणि मुखाकडचे अजून गोठलेलेच असते, म्हणून पाणी तुंबून दूरवर पसरते. इर्तिश व तोम ओलांडताना त्याने जी भीती व जे हाल अनुभवले, ते त्याच्या पत्रांत आढळतात. क्षयाची लक्षणे दिसू लागलेला माणूस ओल्या बुटांनी दिवसचे दिवस उघड्या गाडीत बसला होता. ११ जुलैला तो साखालिनला पोहोचला. लवकर निघाल्यानेच त्याला बेटावर तीन महिने मिळाले व तेथील लोकांची गणना करता आली, हेही खरे.

त्याच्या पाठोपाठ १८९१ मध्ये सैबेरियन रेल्वेचे काम सुरू झाले. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे अंतर आज ९,२८९ किलोमीटर आहे. चिखलाचा प्रश्न लोखंडी रुळांनी सोडविला, पण बैकल सरोवरापाशी ऋतू पुन्हा आडवा आला. सरोवराभोवतीचा लोहमार्ग पुरा होईपर्यंत गाडीचे डबे ‘बैकल’ नावाच्या बर्फफोड्या जहाजातून पलीकडे नेले जात. १९०४ च्या हिवाळ्यात जपानशी युद्ध सुरू झाले, तेव्हा सरोवराचे बर्फ जहाजाला फोडता येण्याइतके पातळ राहिले नव्हते. मग त्या बर्फावरच रूळ अंथरले गेले आणि घोडे लावून डबे ओढून नेले गेले. यंत्रयुग स्लेजवाटेवर परत आले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

१९४१-४२

दुसऱ्या महायुद्धाबाबत थोडक्यात सांगता येईल. मॉस्कोवरील जर्मन चढाई ऑक्टोबर १९४१ मध्ये मंदावली ती प्रथम चिखलाने. जर्मन सेनापती त्या काळात थंडीची प्रतीक्षा करीत होते, कारण जमीन गोठल्याखेरीज रणगाडे हलणार नव्हते. नोव्हेंबरच्या मध्यास जमीन गोठली आणि चढाई पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या तीव्र थंडीने हिवाळी कपड्यांवाचून असलेल्या सैन्याचे हाल केले आणि ५ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिचढाई सुरू झाली.

त्याच सुमारास वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडचे लोक लादोगा सरोवर कधी गोठते याची वाट पाहत होते. शहरातील भाकरीचा शिधा नोव्हेंबरमध्ये सामान्य नागरिकांसाठी दिवसाला १२५ ग्रॅमवर आला होता. प्रथम घोड्यांच्या स्लेज बर्फावर गेल्या आणि २२ नोव्हेंबर १९४१ रोजी मालमोटारींचा पहिला ताफा निघाला. काही गाड्या बर्फ फुटून तळाशी गेल्या. मोटारीच्या वेगाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि तिच्या हेलकाव्याने बर्फ तुटते, हे पावेल कोबेको या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने मोजून दाखविले. त्यानुसार वेग व अंतराचे नियम ठरविले गेले. २४ एप्रिल १९४२ पर्यंत या वाटेने साडेतीन लाख टनांहून अधिक माल शहराकडे गेला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर काढली गेली. शहरात उपासमारीने मेलेल्यांची संख्या कित्येक लाख आहे. बर्फाने जे वाचविले तेही त्याच हिवाळ्यात.

आजचे वेळापत्रक

ज्या हवामान वर्गीकरणाच्या आधारे आपले भूगोलाचे सहकारी रशियाचे प्रदेश समजावून देतात, त्याचा कर्ता व्लादिमिर कोप्पेन हा १८४६ साली सेंट पीटर्सबर्ग येथेच जन्मला. क्रिमियातील घर आणि राजधानीतील विद्यापीठ यांदरम्यानच्या प्रवासात बदलत जाणारी वनस्पतिसृष्टी पाहून त्याचे या विषयाकडे लक्ष वेधले गेले. अलेक्सांद्र वोयेइकोव्ह याने १८८४ च्या आपल्या ग्रंथात जमिनीवरील बर्फाचे आच्छादन हाच हवामानाचा एक कारक घटक म्हणून मांडला. शतकानुशतके स्लेज हाकणाऱ्यांच्या अनुभवाला अशा प्रकारे शास्त्राची बैठक मिळाली.

आज मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्ग पाहण्यास जाणाऱ्याला मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा असतो. त्यातही मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सेंट पीटर्सबर्गला ‘शुभ्र रात्री’ असतात. कामचात्का जुलै ते सप्टेंबरमध्येच पाहावे. बैकलचे पारदर्शक बर्फ पाहायचे तर फेब्रुवारी-मार्च, आणि तैगाच्या अरण्यात जून-जुलैमध्ये डासांची तयारी ठेवूनच जावे. विमान आणि रेल्वे असली तरी या सल्ल्यात एप्रिल व ऑक्टोबर-नोव्हेंबर वगळलेलेच दिसतात, हे लक्षणीय आहे.

रशियाची ६० टक्क्यांहून अधिक भूमी कायम गोठलेल्या थरावर आहे. उत्तरेतील अनेक वस्त्यांना वर्षभराचे इंधन व धान्य ‘झिम्निक’ या नावाच्या हिवाळी बर्फरस्त्यानेच पोहोचते. रशियाचे तापमान जगाच्या सरासरीच्या सुमारे अडीच पट वेगाने वाढत असल्याचे तेथील हवामान खात्याचे अहवाल सांगतात. थंडी सौम्य झाल्याचा आनंद शहरातील माणसाला होईल. झिम्निकवर अवलंबून असलेल्या वस्तीला मात्र वाट उशिरा मिळते आणि लवकर मोडते.

याकुत्स्क हे सुमारे तीन लाखांहून अधिक लोकवस्तीचे शहर लेना नदीच्या पश्चिम काठावर आहे. रेल्वे २०१९ पासून प्रवाशांना घेऊन समोरच्या काठावरील निझनी बेस्त्याखपर्यंत येते. २०२४ पर्यंत तेथे लेनावर पूल झालेला नव्हता. उन्हाळ्यात तेथे मोटारी तराफ्याच्या बोटींतून पलीकडे जातात आणि हिवाळ्यात बर्फावरून. बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या आठवड्यांत मोटारी दोन्ही काठांवर थांबून राहतात.